बगळा ढोंगी की आपण?



आजचं वाचन: गीता, अध्याय ३, श्लोक ६ आणि ७.

सहाव्या श्लोकात भगवंत एक कडक शब्द वापरतात, मिथ्याचारी. हातपाय आवरून गप्प बसलेला, पण मनात विषयांचीच उजळणी करणारा माणूस. सातव्या श्लोकात लगेच दुसरा माणूस येतो. त्याची इंद्रियं मनाच्या ताब्यात आहेत, हात कामाला लागलेले आहेत, पण मन कशात अडकलेलं नाही. भगवंत म्हणतात, हा श्रेष्ठ.

मिथ्याचारी म्हटलं की आपल्याला आठवतो बगळा. पंचतंत्रातला बगळा माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो सांगून खात सुटतो. ढोंगी ध्यानाला आपण बकध्यानच म्हणतो. आणि गंमत बघा, शेताच्या बांधावर, गटाराच्या कडेला दिसणारा तो मातकट बगळा, म्हणजे ढोकरी, त्याचं मराठी पक्षिपुस्तकातलं दुसरं नाव काय? वंचक! फसवणारा.

मी रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन पाषाण तलावावर जाते. वंचक तिथे ठरलेला. बसला की चिखलात विरघळून जातो, उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र. छोटा बगळा वेगळा. काळे पाय, पिवळी बोटं, आणि त्या बोटांनी पाण्यात हलकेच ढवळून तो मासे बाहेर काढतो. पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे नसतो, प्रकाश वाकतो ना! पण बगळा ते हिशेबात धरून चोच मारतो. दिसतं तिथे नाही, असतं तिथे.

हे सगळं बघताना वाटतं, यात ढोंग कुठे आहे? बगळ्याने कधी सांगितलं की मी जप करतोय? त्याला भूक आहे आणि तो जेवण शोधतोय. ध्यान हा शब्द आपण त्याला चिकटवला आणि मग ढोंगीही आपणच ठरवलं. मिथ्याचार करायला आत एक आणि बाहेर एक लागतं. ती सोय फक्त माणसाकडे आहे.

मग प्रश्न येतो तो झुडपामागे तासभर श्वास रोखून बसलेल्या माणसाचा. त्याच्या हातात चारशेची लेन्स आहे. बाहेरून तो अगदी ध्यानस्थ. आत काय चाललंय?

हे आज लिहायचं कारण म्हणजे एका वाचक दादांचा मेसेज. मागे मी लिहिलं होतं की आमच्या भागात एका जुन्या चिंचेवर पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असतात. पक्षिमित्र अशा वसाहतीला सारंगागार म्हणतात. दादांनी विचारलं, "ताई, लोकेशन द्या ना. देवाची सृष्टी सगळ्यांची आहे. तुम्ही बघितलीत, मग आम्ही का नाही?"

प्रश्न खोटा नाही. "मी पाहिलं, तुम्ही नका पाहू" म्हणणारी भक्ती मलाही पटत नाही. म्हणून नीट उत्तर देते.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोपीवर बगळ्याची पिसं लावायची फॅशन होती. मोठ्या आणि छोट्या बगळ्याच्या पाठीवर विणीच्या हंगामात तलम, जाळीदार पिसं येतात, तीच हवी असायची. त्यांना सोन्याच्या तोडीचा भाव होता. म्हणून शिकारी घरट्यांपाशीच जायचे, कारण पिलांना सोडून आईबाप लांब जात नाहीत. मोठे पक्षी मारले जायचे आणि पिलं वर घरट्यात उपाशी मरायची. हिंदुस्थानातूनही पिसं जात होती. १९०२ साली इथल्या सरकारने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली.

आता आपल्याला काय हवं असतं? तोच हंगाम, तीच झाडं, तीच पिसं. बंदुकीच्या जागी लेन्स आली हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण घरट्यांच्या अगदी जवळ गर्दी झाली की मोठे बगळे उठतात. उघडी पडलेली अंडी उन्हापावसात राहतात, कावळे-घारी टपलेल्या असतातच. घाबरलेली पिलं फांदीवर सरकतात आणि खाली पडतात. आपण घरी येऊन फोटो टाकतो, खाली लिहितो "निसर्ग हाच देव", लाईक येतात. झाडावर काय झालं ते फोटोत येत नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणंही धरलेलं आहे. कायद्यालासुद्धा कळलंय की शिकारीला बंदूकच लागते असं नाही.

मग कॅमेरा विसर्जित करायचा का? नाही. १९०६ साली ऑस्ट्रेलियात ए. एच. ई. मॅटिंगली नावाच्या पक्षी अभ्यासकाने अशाच एका वसाहतीत मारलेल्या बगळ्यांचे आणि उपाशी पिलांचे फोटो काढले. १९११ साली लंडनच्या रस्त्यांवरून माणसं ते फोटो पाट्यांवर लावून फिरली. पुढे १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. कॅमेरा तोच, झाडही तसंच. पण तिथे फोटो पक्ष्यासाठी होता. सातवा श्लोक मला इथे दिसतो.

म्हणजे कसोटी स्थिर बसण्याची नाही, आणि हातात काय आहे याचीही नाही. कसोटी ही, की समोरच्याला किंमत मोजावी लागणार असेल तर मी थांबू शकते का?

महाभारतात ही कसोटी एका बगळ्यानेच घेतली आहे. वनपर्वातलं ते तळं आठवा. तहानलेले चार पांडव एकेक करून येतात. आवाज येतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पाणी घ्या. तहान खरी आहे, पाणी समोर आहे, ते थांबत नाहीत आणि पडतात. युधिष्ठिर थांबतो. तो आवाज त्याला आपली ओळख सांगतो ती बक म्हणून! मग यक्ष म्हणून, आणि शेवटी कळतं की तो साक्षात धर्म आहे. ज्याला आपण ढोंग्याचं प्रतीक केलं, त्याच रूपात धर्म येऊन बसला होता. आणि त्याचं मागणं एवढंच होतं, की घेण्याआधी थांब.

तर दादा, तुम्हाला उत्तर. बगळे बघायचेत ना? पाषाणला या, भिगवणला जा, ठाण्याच्या खाडीवर जा, नांदूरमध्यमेश्वरला जा. जिथे ते चरायला येतात तिथलं लोकेशन मी आनंदाने देईन. चिंचेचं नाही देणार. आणि हा नियम फक्त तुमच्यासाठी असता तर तो माझा मिथ्याचार झाला असता. म्हणून वीण चालू असताना मीही त्या झाडाखाली कॅमेरा नेत नाही. रस्त्याच्या पलीकडून दोन मिनिटं बघते आणि पुढे जाते.

मात्र एका बाबतीत गप्प राहणं बरोबर नाही. खाली विष्ठा पडते, वास येतो, लोक वैतागतात आणि भर पावसाळ्यात फांद्या छाटायची मागणी होते. तेव्हा सोसायटीतल्या काका-काकूंना आणि उद्यान विभागाला सांगावंच लागतं, की वर पिलं आहेत, उडेपर्यंत थांबा. लपवायचं ते हौसेपासून. राखणाऱ्याला सांगायचं.

आजचा संकल्प छोटासा: समोरचा बगळा मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, चरायचा थांबला, की आपलं पाऊल तिथेच थांबवायचं. शक्य असेल तर एक पाऊल मागे घ्यायचं. फोटो थोडा लांबून येईल. येऊ दे.

राम कृष्ण हरी!