आजचं चिंतन : ओतून दिलेली खिचडी



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा. हो, तोच, सगळ्यांना पाठ असलेला. कर्म कर, फळाची आशा धरू नको. मला वाटायचं, फळ म्हणजे बढती, पगार, कौतुक. गेल्या पावसाळ्यात गावाकडे गेलो आणि फळाचा आणखी एक प्रकार कळला.

माझी मावशी गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. पटावर 27 मुलं. एका रात्री जोराचा पाऊस आला, म्हणून कुणीतरी फवारणीचा पंप आणि औषधाची बाटली शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये आणून ठेवली, तांदळाच्या पोत्याला लागूनच. सकाळी पंप गेला. मावशीला काही माहीत नव्हतं. खिचडी तयार झाली आणि वाढायच्या आधी तिला वेगळाच वास आला. गुरुजींना म्हणाली, तर त्यांना काही जाणवेना. "रोजचाच तांदूळ आहे मावशी, मुलं भुकेली आहेत."

मावशीने अख्खं पातेलं खड्ड्यात ओतलं.

मग काय, गोंधळच. मुलं रिकामी ताटं घेऊन बसलेली. बिस्किटाचे पुडे आणून वाटले. समितीच्या बैठकीत विचारणा झाली, एवढा तांदूळ वाया गेला, त्याचा हिशोब कोण देणार? पंपाची गोष्ट नंतर कळली, पण खिचडीत खरंच काही होतं का, हे कुणीच तपासलं नाही. आजही गावातली पोरं तिला चिडवतात, "मावशी, आज वास येतोय का?"

मी तिला विचारलं, "तुला खात्री होती?"

"खात्री नव्हती म्हणूनच तर ओतली रे."

16 जुलै 2013. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. तिथल्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाला वेगळा वास येतोय असं स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं होतं, पण त्याच तेलात स्वयंपाक झाला, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. समजा, त्या दिवशी तिथे कुणी ती भाजी ओतून दिली असती. मग 23 मुलं घरी गेली असती, आणि ओतणाऱ्याला गावाने वेडं ठरवलं असतं. कारण टळलेल्या संकटाचा पुरावा कधीच मिळत नाही.

'मी बरोबर होतो' हे सिद्ध होणं, हेसुद्धा एक फळच आहे ना? आणि आपण त्यालाच सगळ्यात जास्त चिकटतो. एका शुक्रवारी रिलीजच्या आधी मला लॉगमध्ये काहीतरी विचित्र दिसलं होतं. मी गप्प बसलो. चुकीचा निघालो तर टीम काय म्हणेल, ही भीती. माझ्या गप्प बसण्याची किंमत होती टीमचा एक शनिवार-रविवार. शाळेत ती किंमत वेगळी असते.

तुम्ही म्हणाल, मग काय, प्रत्येक शंकेला सगळं थांबवायचं? अन्न टाकणं पाप नाही का? आहे. मावशीलाही ते कळतं, त्या रात्री ती स्वतः जेवली नाही. पण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नसतात. खिचडी पुन्हा शिजवता येते.

आणि या श्लोकाचा शेवट आपण नेहमी विसरतो. भगवंत शेवटी सांगतात, कर्म न करण्यातही अडकू नकोस. शंका आली असताना गप्प बसणं, हे तेच अडकणं.

आज ऑफिसात, सोसायटीत, घरात कुठेतरी तुम्हाला 'वास' येत असेल. बोलून टाका. खरं निघालं की खोटं, तो भाग आपला नाही.

उद्या भेटू, पुढच्या श्लोकासोबत. राम कृष्ण हरी.