उसना ‘मी’

मराठीत भूतकाळ सांगताना ‘मी’ म्हणणे वाटते तितके निरागस नसते. ‘मी भाकरी केली’, ‘मी पोथी वाचली’ अशा वाक्यांत बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागून चालते. पण ‘गेले’, ‘बसले’, ‘रडले’ एवढे उच्चारताच बोलणारीचा देह उघड होतो. कामाच्या वाक्यात स्त्री अदृश्य आणि अश्रूंच्या वाक्यात मात्र ती पुरती दृश्य, हा योग आपल्या व्याकरणात कोणी ठरवून आणलेला नाही, तरीही जुन्या कादंबऱ्या चाळताना तो मला पुन्हा पुन्हा अस्वस्थ करतो.

1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरि नारायण आपटे अवघे 26 वर्षांचे होते. संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रणे माजलेली असताना, सभा गाजवणाऱ्यांच्या त्या कोलाहलात, या तरुणाने कोणताही पक्ष न मांडता एका मुलीला बोलते केले. त्याआधी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुना’ पर्यटनाला निघाली होती आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे पाहत गेली होती. ती मुख्यतः पाहणारी; तेच नाव धारण करून आलेली हरिभाऊंची यमू मात्र सांगणारी आहे. माहेरचे धाक, सासरची धुसफुस, नवऱ्याने लावलेली लिहिण्यावाचण्याची गोडी, मुंबईतले मोजके सुखाचे दिवस आणि मग वैधव्य, केशवपन: हे सारे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. इंग्रजी कादंबरीकाराला स्त्रीच्या आवाजात लिहिताना आपल्या क्रियापदांना हात लावावा लागत नाही. हरिभाऊंना मात्र शेकडो पाने ‘मी गेले’, ‘मी घाबरले’, ‘मी रडले’ असे लिहीत, प्रत्येक प्रत्ययाशी स्वतःचे पुरुषपण उतरवून ठेवावे लागले. सहानुभूती हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो! इथे ती एकेका अक्षराने केलेली तपश्चर्या आहे, आणि माझ्या मते मराठी कादंबरीचा खरा आरंभ या प्रत्ययांतच आहे.

सगळ्यांच्या वाट्याला असा ‘मी’ येत नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (1960) कौतिक संसार ओढते, हतवीर्य नवऱ्याच्या वाटचेही कष्ट उपसते आणि शेवटी तिचे मनच तिला सोडून जाते, तिची कहाणी दुसराच कोणी सांगतो. पण वऱ्हाडी बोली तिची स्वतःची आहे, आणि त्या बोलीत ती जेव्हा भांडते, विनवते, हिशेब मांडते, तेव्हा निवेदक जणू दारात उभा राहून ऐकत असतो.

आणि ‘कोसला’? 1963 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे 25 वर्षांचे होते. पांडुरंग सांगवीकराचा ‘मी’ उसना नाही. तो लेखकाच्याच वयाचा, खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला, कशावरच विश्वास न ठेवणारा आणि म्हणून सतत बडबडणारा. त्या बडबडीला एकाच ठिकाणी तडा जातो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि आतापर्यंत जगाकडे तिरकस पाहणारी ती भाषा एकाएकी अनाथ होते. तरुणपणी मी ते पान वाचले तेव्हा मला पांडुरंगाचे दुःख दिसले होते. आता मनी दिसते. यमूपाशी निदान आपले वैधव्य सांगायला ‘मी’ होता. या चिमुकलीपाशी काहीच नाही. तिच्या वाट्याला ‘गेली’ एवढे एकच क्रियापद येते, आणि तेही भावाच्या तोंडचे. ‘मी गेले’ असे कोणीच सांगू शकत नाही, या साध्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबून राहतो. हरिभाऊंनी ‘कोसला’च्या सत्तर वर्षे आधी जे अंतर ओलांडले, ते नेमाडे ओलांडत नाहीत. ते अंतर तसेच उघडे ठेवतात, आणि त्या उघडेपणातही मला तितकीच माया जाणवते.

‘करमणूक’चा अंक एखाद्या वाड्यात येत असेल, ओसरीवर बसून घरातला कोणी शिकलेला पुरुष तो मोठ्याने वाचत असेल आणि माजघरातल्या बायका दाराआडून ऐकत असतील, असे चित्र माझ्या मनात नेहमी येते. यमूचे ‘मी रडले’ त्या पुरुषाला स्वतःच्या आवाजात उच्चारावे लागले असेल. वाचकहो, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपल्या कपाटात असेल तर ती मनात वाचू नका. तिची दोन पाने घरातल्या कोणासमोर मोठ्याने वाचा. आणि आपण पुरुष असाल तर ते प्रत्यय गिळू नका, स्पष्ट उच्चारा.