गळ आणि जाळे

शब्बाथशाळेत माणसे धरणाऱ्यांचा पाठ आला की फळ्यावर बहुधा एकच चित्र निघते : काठी, दोरी, गळ आणि गळाला लावलेले गांडूळ. मग शिक्षक समजावतात की, जसा मासा तसे आमिष. तसेच माणूस ओळखून त्याला शुभवर्तमान सांगावे. चित्र सोपे आहे व मुलांना ते आवडते. परंतु ते पवित्र शास्त्रातले नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते का नाही हे नीट समजण्यासाठी, आमिषाची कला जेथे अगदी बारकाईने जोपासली जाते तेथे वाचकांनी क्षणभर आमच्याबरोबर यावे.

अमेरिकेत तळी, बंधारे आणि संथ नद्या पुष्कळ. त्यांत मोठ्या तोंडाचा बास नावाचा हिरवट शिकारी मासा राहतो, आणि त्याच्याच कुळातले ब्लूगिलसारखे तळहाताएवढे मासेही राहतात. या लहान माशांना तेथे पॅनफिश म्हणतात, कारण ते तव्यात अख्खे मावतात. त्यांना धरण्याचा एक आवडता प्रकार म्हणजे पाण्यावर तरंगणारी, घरी बनविलेली खोटी माशी. बाटलीचे बूच कोरावयाचे, त्यात गळ चिकटवावयाचा, मागे कोंबड्याची पिसे बांधावयाची, बाजूंना रबराचे पाय लावावयाचे आणि वर रंगाचे दोन डोळे काढावयाचे. कोणी जुन्या रबरी चपलेचा तुकडाही वापरतात. कोणी हरणाचे केस घेतात. ते आतून पोकळ असल्याने तरंगतात, आणि दोऱ्याने गळावर आवळले की फुलारतात. मग कात्रीने त्यांना बेडकाचा नाहीतर उंदराचा आकार देता येतो. बुचाच्या माशीचे श्रेय टेनेसी राज्यातील चॅटानूगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांना देतात. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट.

अशी माशी इतकी हलकी की ती एकटी फेकताच येत नाही. वजन दोरीत असते. लवचीक काठीने दोरी मागे-पुढे झुलवीत नेली की माशी पाणगवताच्या कडेला अलगद उतरते. मग गळ टाकणारा काय करतो? काहीच नाही. पाण्यावरची वर्तुळे विरेपर्यंत तो थांबतो. नंतर दोरीला हलका हिसका देतो. माशीचे तोंड खोलगट असल्यामुळे डुबुक् असा आवाज होतो, जणू पाण्यात पडलेला बेडूक धडपडतो आहे. त्या आवाजावरूनच तिला पॉपर हे नाव पडले. पुन्हा थांबणे. बास पुष्कळदा त्या शांततेतच झडप घालतो.

हे कसब आहे, आणि त्यात धीर लागतो. सुज्ञ लोक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतात, हात ओले करून मासा धरतात व पाण्यात परत सोडतात. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. गळाने मासे धरण्यावरील सर्वांत गाजलेले इंग्रजी पुस्तक १६५३ साली लिहिणारा आयझॅक वॉल्टन हा चर्चचा निष्ठावंत सभासद होता. कवी व पाळक जॉर्ज हर्बर्ट यांचे चरित्र त्यानेच लिहिले. प्रेषितांपैकी चौघे कोळी होते, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो.

पण त्या चौघांच्या हातांत काय होते? जाळे. मत्तय ४:१८ मध्ये पेत्र व अंद्रिया टाकतात ते हाताने फेकावयाचे पाग. १३:४७ मधील जाळे म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर पुष्कळ हातांनी ओढतात त्या रापणीसारखे. चारही शुभवर्तमानांत गळ एकदाच येतो, मत्तय १७:२७ मध्ये, तोही मंदिराचा कर भरण्यासाठी. माणसे धरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

जाळे माशाला अडकविते, हे खरे. त्यामुळे जाळ्याचा दृष्टांतही एका मर्यादेपलीकडे ताणू नये. कोळ्याने धरलेला मासा अखेर मरतो. लूक ५:१० मधील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र जिवंत धरणे असा आहे. लढाईत शत्रूला न मारता पकडणे, यासाठीही ते वापरीत. परंतु जाळे एक गोष्ट कधी करीत नाही : ते आपण बेडूक आहोत असे भासवीत नाही.

आमिष नव्या करारात कोठे येते, ते पाहण्यासारखे आहे. याकोब १:१४ मध्ये माणूस आपल्याच वासनेने ओढला व भुलविला जातो, तेथे मूळ शब्द आमिष दाखविणे याच अर्थाचा आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२:१४, १८) तोच शब्द खोट्या शिक्षकांविषयी आहे. आणि पौलावर तर करिंथात हाच आरोप झाला होता की, त्याने लोकांना युक्तीने पकडले. २ करिंथ १२ मध्ये तो हा आरोप उच्चारून दाखवितो व लगेच विचारतो की, मी किंवा मी पाठविलेल्या कोणी तुमच्यापासून काही लाभ उठविला काय? तेथील 'युक्ती' या अर्थाचा ग्रीक शब्द जुन्या काळी माशाच्या आमिषालाही वापरीत. निस्साचा ग्रेगरी या चौथ्या शतकातील धर्मपित्याने ख्रिस्ताचा देह हे आमिष व देवत्व हा गळ, आणि सैतानाने तो गिळला, असे म्हटले आहे. चित्र जबरदस्त आहे. पण त्यातही गळ आहे तो सैतानासाठी, माणसासाठी नव्हे.

आमिषाविषयी आणखी एक गोष्ट त्या तळ्यांवर शिकता येते. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटीसारखे घरटे करतो आणि मादीने घातलेली अंडी व पुढे पिले राखीत बसतो. ब्लूगिलचेही तसेच. त्या दिवसांत तो खाण्याच्या मागे फारसा नसतो. तरी घरट्यावर काही तरंगत आले की त्यावर तुटून पडतो. येथे माशीने लोभ ओढला नाही, तर बापाची राखण ओढली. त्याला काही मिनिटे जरी वर उचलले, तरी आजूबाजूचे मासे अंड्यांवर येतात.

आमिषाला भुलतो तो लोभी, असे आपण सहज म्हणून जातो. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई बरे होण्याच्या कोणत्याही अभिवचनावर झडप घालते. तो तिचा लोभ नव्हे. तिच्या त्या मायेला ओळखून तिच्यासमोर काही नाचविणे, मग ते कितीही पवित्र नावाने असो, आम्हांला अधिकच वाईट वाटते.

इंदूर, ग्वाल्हेर व वडोदरा येथील वाचकांना हा विषय पुस्तकी वाटणार नाही. मध्य प्रदेशात १९६८ साली व गुजरातेत २००३ साली झालेल्या कायद्यांनी बळजबरी व फसवणूक यांच्याबरोबर प्रलोभनाने केलेले धर्मांतरही गुन्हा ठरविले. मध्य प्रदेशात २०२१ साली त्या जागी नवा कायदा आला, त्यातही प्रलोभन आहेच. हे कायदे निरपराधांवर कसे चालविले जातात याविषयी आम्हांला पुष्कळ बोलावयाचे आहे, पण ते येथे नको. एवढेच विचारतो : जो शब्द आपल्यावर आरोप म्हणून फेकला जातो, त्याचेच चित्र आपण मुलांसाठी फळ्यावर का काढावे?

मग मुलांना गोळ्या, बक्षिसे, चित्रपट काही द्यावयाचेच नाही काय? योहान ६ वाचावा. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले. भाकर बुचाची नव्हती. लोक पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भाकरीसाठी आले, तेव्हा त्याने त्यांना ओढून धरण्यासाठी गोड बोलणे केले नाही. उलट इतके कठीण बोलला की, पुष्कळ शिष्य निघून गेले. त्याने बारांनाही विचारले की, तुम्हीही जाता काय? आदल्या दिवशीची भाकर मात्र कोणाकडून परत मागितली नाही.

काही शब्बाथशाळांत नाताळची भेट वर्षभराच्या हजेरीशी बांधलेली असते, आणि डिसेंबरातच उगवणाऱ्या मुलांना ती मिळत नाही. शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. पैसे थोडे असतात, आणि नियमित येणाऱ्यांना वाईट वाटते. तरी आमचे मत असे की, त्या मुलांनाही भेट द्यावी, बिगरख्रिस्ती घरच्या मुलांना तर अवश्य द्यावी, त्यांच्या आईबापांच्या समक्ष द्यावी, आणि जानेवारीत ती आली नाहीत तर त्यांच्या घरी जाऊन भेटीची आठवण काढू नये.