हिशेब ज्याचा, त्याच्या कामी

पेण आणि रोहा या दोन नगरपालिकांच्या मध्ये नागोठणे आहे. तालुका रोहा, कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या दप्तरात त्याची नोंद शहर म्हणून. आंबा नदीकाठचं हे जुनं बंदर. मुंबई-गोवा महामार्ग आणि दिवा-रोहा रेल्वे दोन्ही इथून जातात, शेजारी पूर्वीच्या आयपीसीएलचा आणि आता रिलायन्सचा पेट्रोकेमिकल कारखाना आहे, आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांचा बाजारहाट इथेच होतो. म्हणजे सगळं शहराचं, फक्त नगरपालिका नाही. ही एवढीशी उणीव सरकारी मदतीच्या बाबतीत किती महाग पडते, याचा विचार करायला हवा.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आणली. पहिलं कर्ज दहा हजारांचं, तारण नाही, वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्के सवलत, आणि मोबाइलवरून पैसे घेतले तर महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. लहान विक्रेत्याला बँकेच्या दारात नेणारी आणि डिजिटल व्यवहाराची सवय लावणारी इतकी सरळ योजना आपल्याकडे फार झालेली नाही. पण ती नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दीपुरती होती. पेणच्या बाजारात बसणारी भाजीवाली पात्र ठरली, नागोठण्यात बसणारी नाही. तीच बाई पाटी घेऊन पेणला जाऊन बसली असती तर मात्र अर्ज करू शकली असती. माल तोच, बाईही तीच, पण हद्द वेगळी.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज १५ हजारांचं केलं आणि जनगणना शहरंही टप्प्याटप्प्याने तिच्यात घ्यायचं ठरवलं. नागोठण्यासारख्या गावांसाठी हा मोठा निर्णय आहे. तो कागदावरून बाजारात कसा उतरेल, याकडे शेवटी येतो. त्याआधी एक जुना प्रश्न विचारायचा आहे. मोबाइलवर जमा होणारा हा हिशेब नेमका कुणाच्या उपयोगाचा?

महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर एकदा चांगलं पाहिलेलं आहे. १९९८ साली वारणानगरच्या आसपास, कोल्हापूर-सांगली भागातल्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. केंद्र, राज्य आणि वारणेचा सहकारी साखर कारखाना तिघांनी पैसा घातला. गावोगावी संगणक बसले. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळं तिथे मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा संगणक मुख्यतः एकाच कामासाठी वापरला जात होता. माझा ऊस किती टन भरला, माझे किती पैसे निघाले, हे शेतकरी विचारत होता. मग त्याच माहितीसाठी संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसचा प्रयोग झाला. तो स्वस्त पडला आणि लोकांनी तो वापरला. बाजारभावाची माहिती वाईट नव्हती. पण माणूस यंत्राकडे स्वतःहून वळला तो स्वतःच्या वजनाच्या पावतीसाठी.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या धामधुमीत, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची यंत्रं दिली, सोहळा झाला, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या आल्या. पुढे गाव पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्याही आल्या. यात धसईकरांना दोष देण्यासारखं काही नाही. कार्डाच्या यंत्राला खर्च आहे, कार्डावरच्या विक्रीवर आकार आहे, नेटवर्क लागतं, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात कार्ड असावं लागतं. दोन रुपयांच्या काडेपेटीवर सुटणाऱ्या नफ्यात हे बसत नाही.

मग कार्डाच्या यंत्राला जे जमलं नाही ते क्यूआरच्या कागदाने कसं जमवलं? त्या कागदाला वीज लागत नाही, यंत्राचं भाडं नाही, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून आकार घ्यायचा नाही असा नियम आहे. हा भार सरकार बँकांना अनुदान देऊन काही अंशी उचलतं. २०२४-२५ साठी लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के दराने १,५०० कोटींची तरतूद झाली. मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण हा पैसा बँका आणि पेमेंट कंपन्यांमध्ये वाटला जातो, दुकानदाराच्या हाती पडत नाही. त्याची सोय होते, आणि मोजणी होते ती व्यवहारांची.

नागोठण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी बाई घ्या. पहाटे लिलावात माल उचलायचा तर रोख लागते. ती सकाळी कुणाकडून तरी उचलायची आणि संध्याकाळी व्याजासकट परत करायची, ही बाजाराची जुनी रीत. दिवसभर कोलंबीचे वाटे लावायचे, जवळा-सुकट मापायचं, नेहमीच्या गिऱ्हाइकाची बाकी ध्यानात ठेवायची. पाटीला टेकवून ठेवलेला क्यूआर बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा असतो, कारण चांगला फोन त्याच्याकडे. म्हणजे कष्ट तिचे, विक्री तिची, आणि बँकेच्या नजरेत धंदा करणारा मुलगा. उद्या बँकेत गेली तर दाखवायला तिच्या नावावर एक ओळ नाही. डिजिटल समावेशनाच्या आकड्यांत हे घर ‘समाविष्ट’ आहे. बाई बाहेरच आहे.

खरा फायदा तिला व्हायचा तर तो कर्जातच. रोजची जमा तिच्या नावावर सहा महिने दिसली तर बँकेला तारणाशिवाय विश्वास ठेवायला आधार मिळतो. खातेदाराच्या संमतीने बँकेची माहिती दुसऱ्या बँकेला दाखवणारी अकाउंट अॅग्रिगेटरची व्यवस्था २०२१ पासून देशात आहे. सकाळी उचलायच्या पैशावरचं व्याज वाचलं, तर तेच तिचं डिजिटल समावेशन.

पण जो हिशेब कर्ज मिळवून देतो तोच अडकवतो, अशी भीतीही बाजारात आहे, आणि ती अनाठायी नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा पाहून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. भाजी-दूध विकणारेही त्यांत सापडले, ज्यांच्या मालावर कर नाही. बंगळुरूत टपऱ्यांवरून क्यूआर उतरले आणि ‘फक्त रोख’ च्या पाट्या लागल्या. नंतर सरकारने माघार घेतली, पण बातमी सगळीकडे पोचायची ती पोचली. पेण परिसराला तर बँकेवर विश्वास ठेवायला सांगताना दहादा विचार करावा लागतो. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. आयुष्यभराची पुंजी अशी अडकलेल्या घरातल्या आजीने रोख उशाशी ठेवली तर तिला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

नियमांची गुंतागुंत वेगळीच. बचत गटाच्या बायका आगरी मसाला कुटतात. गावात विकला तर उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी नको. पण ऑनलाइन बाजारावर मांडला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीला ही सक्ती सैल झाली. हा मोठा दिलासा आहे, कारण या मसाल्याचं गिऱ्हाईक मुंबई-ठाण्यातच आहे. पण हे त्या बायकांना सांगणार कोण?

माझा सगळा आग्रह इथे येऊन ठेपतो. सांगणारा माणूस हवा. ग्रामीण भागात संगणक साक्षरतेसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या पीएमजीदिशा योजनेने मार्च २०२४ पर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे. अभ्यासक्रम वीस तासांचा, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०. साठीच्या पुढची मासळीवाली त्यात बसत नव्हती, आणि घरातून एकच जायचं तर बहुतेक घरांतून शिकणारं पोरच जाणार. वीस तासांत फोन चालवायला येतो. पैसे अडकले, चुकीच्या खात्यात गेले, कुणी बँकेचं नाव सांगून ओटीपी मागितला, तर त्या घटकेला शेजारी कुणीतरी लागतं.

असा माणूस गावात आहे. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून ग्रामपंचायतीत बसणारा संगणक परिचालक आणि आता आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी मुलं-मुली. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्यांच्याच खुर्चीवरून जातं. आणि तुटपुंज्या, थकलेल्या मानधनासाठी याच परिचालकांना पुन्हा पुन्हा मोर्चे काढावे लागले. व्यवहारामागे बँकेला अनुदान देता येतं, तर मासळीवालीच्या नावाचं खातं उघडून, तिचा क्यूआर त्याला जोडून, पहिलं कर्ज मिळेपर्यंत सोबत करणाऱ्या परिचालकाला ठरलेली रक्कम का देता येऊ नये? १,५०० कोटींच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असेल.

आणि आता स्वनिधी नागोठण्यात येणार असेल, तर अडचण अशी की पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा नगरपालिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, शहर पथविक्रेता समिती, सगळं नगरपालिकेचं. ग्रामपंचायतीला ते बळ आणि ती माणसं द्यावी लागतील. यादी करताना कायम जागेवर बसणारेच धरले तर सुरुवातीच्या पावसात शेवळं, मग भारंगी, कंटोळी घेऊन येणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायका पुन्हा सुटतील. त्या रोज येत नाहीत, आणि आंबेला पूर आला, बस स्थानकापर्यंत पाणी चढलं की आठ-आठ दिवस येतच नाहीत. म्हणून ही यादी कार्यालयात अर्ज मागवून होणार नाही. परिचालकाने वही घेऊन बाजारात बसावं, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, आणि प्रत्येकीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने करावी. पुढच्या पावसाळ्याच्या आत रोह्याच्या तहसील कार्यालयाने आणि रायगड जिल्हा परिषदेने एवढं ठरवलं, तर जूनमध्ये पहिली शेवळं बाजारात येतील तेव्हा यादीत ती आणणाऱ्या बायकांची नावं असू शकतात.