पिंपळे सौदागरचे तुकडे

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा केली आणि एक जुनी ओरड नव्याने सुरू झाली. घोषणा होती नागरी हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या भागातल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांबद्दल. पण म्हणणारे म्हणू लागले की आज शहराच्या कडेला सूट दिलीत, उद्या शिवारात द्याल; तुकडे होऊन होऊनच शेती परवडेनाशी झाली, आता उरलीसुरलीही जाईल. ही माणसं शेतीच्या कळवळ्याने बोलतात, यात मला शंका नाही. पण त्यांचं निदान चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मुंबई इलाख्यातल्या एका सत्ताविशीतल्या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आधी कायद्याचं बोलू. तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा १९४७ चा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा नाही, पाडायचा नाही, हा त्याचा गाभा. त्यानंतर काय झालं? कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहितीचं क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. कायदा जागच्या जागी होता आणि शेत तिपटीहून लहान झालं.

कुठल्याही गावचा सातबारा काढून बघा. एका गटावर बारा-बारा नावं असतात. भाऊ, पुतणे, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, मयताचे वारस. कागदावर गट अखंड आहे. शेतात मात्र प्रत्येकाचा बांध वेगळा, विहीर सामाईक, मोटार लावायची पाळी ठरलेली, आणि पाळी चुकली की भांडण. खातेफोड झालेली नसते, म्हणून एकाला पीककर्ज काढायचं तर बाकीच्यांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक जण सुरतेला असतो. कायद्याने तुकडे थांबवले नाहीत, फक्त तुकड्यांची नोंद थांबवली. शहराच्या कडेला तर लोकांनी स्टॅम्पपेपरवर गुंठे घेतले, घरं बांधली, आणि मालकी सिद्ध करता येत नाही म्हणून बँकेच्या दारातून परत आले. ही कोंडी फुटते आहे, याचा मला आनंद आहे.

आता आंबेडकर. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर आणि त्यांवरच्या उपायांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या राजकीय लेखनापुढे तो झाकोळला गेला. माझ्या मते भारतीय अर्थविचारातला तो सगळ्यात कमी वाचला गेलेला मोठा निबंध आहे. त्या काळी बडोदा संस्थानापासून मुंबई इलाख्यापर्यंत एकच चर्चा होती: तुकडे जोडा, शेतं मोठी करा. इलाख्याच्या शेतीखात्यात काम केलेले कीटिंग यांनी किफायतशीर धारणक्षेत्राची व्याख्या केली होती. ज्यावर शेतकऱ्याचं कुटुंब बऱ्यापैकी सुखाने जगेल, ते क्षेत्र किफायतशीर. ऐकायला किती रास्त वाटतं! आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. कुटुंबाला किती लागतं हा उपभोगाचा हिशेब झाला. शेती हा धंदा आहे आणि धंद्याचा हिशेब उत्पादनाच्या बाजूने करायचा असतो. जमीन, भांडवल आणि श्रम यांचा मेळ बसला तर दोन एकरही किफायतशीर, नाही बसला तर वीस एकरही तोट्याचे. नुसता एकरांचा आकडा काहीच सांगत नाही.

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तो आजही बिनतोड आहे. शेतकऱ्याकडची अवजारं, बैल, भांडवल आहे त्या जमिनीलाच पुरत नसेल, तर त्याचं शेत मोठं करून तुम्ही त्याचं भलं करता की नुकसान? भांडवल तेवढंच आणि जमीन वाढली, तर मेळ आणखी बिघडणार. म्हणजे मोठं शेत हे औषधच नाही.

दोष वारसाहक्काचा आहे, असंही तेव्हा म्हटलं जाई, आजही म्हणतात. आंबेडकर म्हणाले, वाटण्या होतात कारण माणसांना दुसरीकडे जायला जागा नाही. जमिनीवर जी माणसं आहेत त्यातली बरीचशी रिकामी आहेत. ती कमावत नाहीत, पण खातात, आणि दुसऱ्याच्या कमाईतून खातात. हे ओझं शेतीबाहेर काढा, उद्योग वाढवा, तुकड्यांचा प्रश्न आपोआप हलका होईल. विकासाच्या अर्थशास्त्रात आर्थर लुईस यांच्या नावाने ओळखला जाणारा शेतीतल्या वाढीव श्रमाचा विचार १९५४ मधला. आंबेडकरांनी त्याचा गाभा छत्तीस वर्षं आधी मांडला होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांचं विधेयक आलं, तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. जबरदस्तीने शेतं मोठी केली तर लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही त्यांची धास्ती होती. तुकडेबंदीच्या समर्थकांनी त्या धास्तीला अजून उत्तर दिलेलं नाही.

इथपर्यंत मी पूर्णपणे आंबेडकरांच्या बाजूने आहे. पण त्यांचा उपाय प्रत्यक्षात कसा उतरला, हे बघायला एक गाव आपल्या हाताशी आहे, आणि तिथे गोष्ट अवघड होते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथलं सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं, १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं होतं. तुकड्यांच्या चर्चेत हे गाव तेव्हापासून पाठ्यपुस्तकातलं उदाहरण झालं. आज तिथे बहुमजली सोसायट्या आहेत. पिंपरी-चिंचवडचे कारखाने आले, मग हिंजवडी आली. आंबेडकरांनी सांगितलेला उद्योग त्या गावाच्या वेशीवर येऊन उभा राहिला, आणि तुकड्यांचा प्रश्न खरोखरच संपला. शेतीच संपली.

पण माणसं कुठे गेली? मूळ मालकांना जमिनीची किंमत मिळाली. सोसायटीच्या फाटकावर बसणारा वॉचमन, स्लॅब टाकणारा मजूर हा बीड, लातूर, नांदेडकडचा, नाहीतर परराज्यातला. गावी त्याचा दीड-दोन एकराचा हिस्सा आहे आणि तो विकायला तयार नाही. त्याला अडाणी म्हणू नका, त्याचा हिशेब पक्का आहे. त्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर चालते. निवृत्तिवेतन नाही, आजारात पगार नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा त्याला परत घेणारं एकच ठिकाण होतं, तो दीड एकर. श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे हेच सांगतात. देशातल्या काम करणाऱ्यांपैकी शेतीत असलेल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये सुमारे ४२ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४६ टक्क्यांवर गेला. उद्योग वाढत असताना माणसं शेतीकडे परत गेली.

म्हणून उद्योग आला की जमिनीवरचं ओझं उतरेल, हे आंबेडकरांचं वाक्य आज अर्धंच पुरतं. कसला उद्योग, आणि त्यातली नोकरी माणसाला म्हातारपणी धरून ठेवते का, हे विचारावं लागेल. कामगारांच्या हक्कांसाठी आंबेडकरांनी पुढे मजूरमंत्री म्हणून जे केलं, ते या निबंधाशेजारी ठेवून वाचायला हवं. एकाच विचाराचे ते दोन भाग आहेत. आपण पहिला विसरलो आणि दुसरा मोडीत काढत आहोत.

तोवर जमिनीचं काय करायचं? शहरात राहणारा मालक जमीन विकणार नाही, पण कसायला देईल, आणि देतोच आहे. बटईने, निम्म्याने, खंडाने. सगळं तोंडी. कारण १९४८ च्या कूळकायद्याची धास्ती अजून आहे. लेखी दिलं तर कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल, असं मालकाला वाटतं. म्हणून कसणाऱ्याच्या हाती कागद नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. गारपीट झाली, पंचनामा झाला, तर भरपाई सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जाते. बियाणं-खतात पैसे घातलेला माणूस बघत राहतो. ज्या कूळकायद्याने एकेकाळी कसणाऱ्याला जमीन मिळवून दिली, त्याच्याच भीतीने आजचा कसणारा नोंदीबाहेर राहिला आहे. नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला: मालकी मालकाकडे, मुदतीपुरता कसण्याचा हक्क कसणाऱ्याकडे, आणि त्या कागदावर त्याला कर्ज आणि विमा. असा करार झाला तर पाच भावांचे पाच तुकडे एकाच माणसाला कसता येतील, कोणालाही भूमिहीन न करता. महसूलमंत्र्यांनी शहराच्या कडेचे गुंठे नोंदीवर आणायचं ठरवलं आहे. कसणाऱ्याला नोंदीवर कधी आणणार, हे त्याच सभागृहात त्यांना कोणीतरी विचारावं.