आपलं की परकं?

'अस्त्र' हे हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र. त्याचा सीकर, म्हणजे रडारचा डोळा, हैदराबादच्या आरसीआयने बनवला. सुखोईवर ते बसवण्यासाठीचे बदल एचएएलने केले. इथे पुण्यात, सुतारवाडीच्या एचईएमआरएलमध्ये क्षेपणास्त्रांच्या इंधनावर संशोधन चालतं. ११ जुलै २०२५ ला देशी सीकरच्या 'अस्त्र'ने ओडिशाजवळ वैमानिकरहित लक्ष्यं पाडली. पल्ला १०० किलोमीटरहून जास्त.

एवढ्या लांबचं विमान वैमानिकाला डोळ्यांनी दिसत नाही. शेवटच्या टप्प्यात सीकर स्वतः रेडिओ लहरी सोडतो आणि परतणाऱ्या लहरींच्या मागे जातो. त्यांतून अंतर कळतं, वेग कळतो. आत कोण आहे, ते कळत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. 'माझं मॉड्यूल ओके आहे' हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं.

२७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिकही. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यांत होते. ते क्षेपणास्त्र जमिनीवरून सोडलेलं, 'अस्त्र' नव्हे. पण त्याचा नेम बरोबर लागला होता. चुकली ती ओळख.

देशाला अशी शस्त्रं लागतात, हे मला मान्य आहे. पण काम सुट्या भागांत वाटलं म्हणून जबाबदारीही तशीच वाटली जाते, हे मान्य नाही. 'ओळख चुकली तर पुढे काय होईल?' हे सीकरचा कोड लिहिणाऱ्यानेही मीटिंगमध्ये विचारायला हवं, ते त्याचं मॉड्यूल नसलं तरी.