वळणावरचं तेल

तवंदी घाटातल्या एका वळणावर मनानं जाऊन उभे राहा. निपाणी सोडून संकेश्वरकडे निघालं की लागतो, तो घाट. पुण्या-पिंपरीची इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेली रेसिंग कार टेम्पोत घालून कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेला निघतात, तेव्हा त्यांचाही सरळ रस्ता हाच. पण त्या कारकडे मागाहून वळू. आधी एक मोटरसायकल चढून येऊ द्या.

ती वळणात शिरते आणि आत कलते. स्वार कलतो, टाकी कलते, इंजिन कलतं. इंजिनच्या तळाशी, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात तिथं, थोडंसं तेल आहे. घाई नको, त्या तेलाकडेच बघत राहा. रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळं तिरकं दिसतं; तेलाच्या लेखी काहीच तिरकं नाही. वजन खाली ओढतंय, वळण बाहेर फेकतंय, आणि दोन्हींचा मिळून होणारा जोर ज्या रेषेत, साधारण त्याच रेषेत गाडी कललेली. म्हणून तेल तळाशी जवळजवळ सपाट बसून राहतं. बाइकच्या इंजिनला वळण म्हणजे काय हे ठाऊकच नसतं.

आता तेच इंजिन उतरवून चार चाकांच्या सांगाड्यात बसवा. आपल्याकडच्या बऱ्याच संघांनी चाकणला बनलेलं केटीएम 390 चं 373 सीसीचं इंजिन असंच वापरलंय. कार वळते, पण आत कलत नाही.

स्पर्धेत स्किडपॅड नावाची एक परीक्षा असते. इंग्रजी आठासारखी दोन वर्तुळं, आतल्या कडेचा व्यास 15.25 मीटर, बाहेरच्या कडेचा 21.25. मधल्या रेषेवरून एक फेरा 5 सेकंदांत मारला, तर बाहेर फेकणारा जोर गाडीच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे तेलाची पातळी 56 अंशांत चढते. तळहात आडवा धरा आणि हळूहळू तेवढा तिरका करा. अर्ध्याच्याही वर गेला ना? तेल बाहेरच्या भिंतीला गोळा झालंय. आतल्या बाजूचा तळ उघडा पडलाय. आणि तेल ओढणाऱ्या पंपाचं तोंड तिथंच असलं तर?

वेदगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं, फुटव्हॉल उघडा पडला, की पंप हवा धरतो; मोटर गरगरते, पाइप कोरडा. फरक एवढाच, की शेतात बटण दाबायला धावता येतं. इथं इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर असेल, तर त्या 5 सेकंदांत क्रँक 500 वेळा फिरून मोकळा होतो.

इथं जरा रेंगाळा. क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये काही मायक्रॉनचा तेलाचा थर आहे. फिरणारा क्रँक त्या थरावर तरंगतो, धातू धातूला टेकत नाही. पंप तेल पोचवतो तोवर हा थर रोज, बिनबोभाट, तयार होतो. तेलाऐवजी फेस आला की थर फाटतो, बेअरिंग तापतं, चिकटतं. मग पोरं म्हणतात, इंजिन जाम झालं.

पहिला उपाय कुणालाही सुचतो: तेल जास्त भरू. पण पातळी वाढली की फिरता क्रँक त्यात बुडून तेल घुसळतो, आणि ज्या फेसापासून पळायचं तोच घरात तयार होतो. त्यात इंजिन खाली बसावं म्हणून मुलं चेंबर कापून उथळ करतात. गाडीचा भार खाली येतो हे खरं. तेलाला उभं राहायला जागा उरत नाही हेही खरं.

मग आडोसे. चेंबरमध्ये पत्र्याच्या भिंती घालायच्या, त्यांना एकाच बाजूनं उघडणाऱ्या झडपा. तेल पंपाच्या तोंडाकडे येऊ शकतं, परत पळू शकत नाही. याहून पुढचा मार्ग ड्राय संपचा: तेल चेंबरमध्ये ठेवायचंच नाही, जास्तीच्या पंपानं उपसून उंच, अरुंद टाकीत न्यायचं, तिथं हवा सुटू द्यायची. उत्तम व्यवस्था आहे. तरी माझं मत विचाराल तर एका सिलिंडरच्या छोट्या गाडीला ती बहुतेक वेळा मिरवण्यापुरती. चार पाइप वाढले की गळायच्या आठ जागा वाढतात. (आयआयटी मुंबईचा संघ विजेची कार बांधतो. त्यांच्या वाट्याला हे चिंतनच नाही!)

ट्रॅकवर सोडण्याआधी परीक्षक कार एका फळीवर चढवून 60 अंशांत तिरकी करतात. एक थेंब गळता कामा नये. तेवढा कल म्हणजे 1.7 पट जोराचं वळण; उभी गाडी कललीय की धावती वळलीय, हे तेलाला ओळखता येत नाही. पण इंजिन बंद असल्यामुळे पंपाला तेल मिळतंय का, हे ही परीक्षा विचारतच नाही.

ते विचारायचं तर ऑइल प्रेशरचा आलेख वळणांच्या आलेखाखाली ठेवून सावकाश वाचावा लागतो. प्रेशर वळणाबरोबर पडत नाही, किंचित मागून पडतं. आणि वळण संपल्यावरही लगेच सावरत नाही, कारण तेलाला परत यायला वेळ लागतो. आलेखातला हा खड्डा फक्त उजव्या वळणांत दिसत असेल तर तेल डावीकडे निसटतंय. अशा वेळी नवं चेंबर काढायला घेऊ नये. जुनं खोलावं आणि डावीकडची झडप उलटी तर बसली नाही ना, ते आधी बघावं.